काटा दाखवा, मग इंजिन खोला

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या मार्केट यार्डात डाळिंब उतरवून आम्ही परत निघालो होतो. पिकअप मीच चालवत होते. नवऱ्याचा मणका दुखावल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सांगोल्याकडच्या आमच्या बागेचा आणि शेजारच्या दोन-तीन बागांचा माल मीच नेते. सौद्याचं बोलायला धाकटा दीर बरोबर येतो, कारण आडत्याशी मला चार शब्द धड बोलता येत नाहीत. ते मी कबूल करते. गाडीचं मात्र तसं नाही.

हायवेला लागायच्या आतच ऑईलचा तांबडा दिवा लागला. मी गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली, बोनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी पुसून परत घालून पाहिली. ऑईल वरच्या खुणेपर्यंत होतं. असणारच होतं. रोज पहाटे चुलीवर पाणी ठेवायच्या आधी मी ती पट्टी बघते. गाडीखाली थेंबही नव्हता.

"बाईच्या हातात इंजिन दिलं की असंच हुतंय," दीर म्हणाला.

मी पट्टी परत जागेवर खोचली. मला उत्तर सुचतं, पण ओठावर यायला उशीर करतं.

गाडी दोरीनं ओढून जवळच्या गॅरेजात नेली. मेस्त्रींनी स्टेअरिंगखाली स्कॅनरची वायर लावली, पडदा बघितला आणि तो दिराकडे वळवला. ऑईलचं प्रेशर कमी असल्याचा कोड इंग्रजीत आला होता. पंप गेला असेल नाहीतर आतली बेरिंगं झिजली असतील, इंजिन खोलावं लागेल, आठ-दहा दिवस गाडी इथंच राहील, असं त्यांनी सांगितलं. दिराला तेवढंच पाहिजे होतं. खोललेलं इंजिन पहिल्यासारखं होत नाही, त्यापेक्षा गाडी आहे तशी विकून टाकू, माल भाड्याच्या गाडीनं जाईल आणि वैनी घरी बसतील, असं तो म्हणायला लागला.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमची बाग एका एकराची. माझं घरी बसणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेत छाटणीला जाणं आणि मुकादम म्हणेल तेव्हा पाणी प्यायला उठणं. लग्नानंतर बारा वर्षं मी तेच केलं होतं.

गाडी खालून उघडायच्या खड्ड्यावर घ्यायला मेस्त्रींनी किल्ली मागितली. किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती दिली नाही. दार उघडून माझ्या सीटवर जाऊन बसले.

प्रेशर खरंच गेलं असतं तर इंजिनचा आवाज बदलला असता. दिवा लागला तेव्हा आवाज रोजचाच होता. शिवाय आमच्या फवारणीच्या पंपाला प्रेशरचा काटा आहे. पाईप कुठं फुटला की तो काटा पडतो, ते मी किती वेळा बघितलंय. दिवा लागणं ही ऐकीव गोष्ट, काटा डोळ्यांनी बघायचा.

दीर खिडकीशी आला. "वैनी, उतरा की खाली. मशीन सांगतंय ते. तुमी चौथी शिकल्याल्या, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"इंग्रजी न्हाय कळत," मी म्हणाले. "काटा कळतो. मेस्त्री, काट्यानं प्रेशर मोजा. कमी निघालं तर किल्ली माझ्या हातानं देते."

गॅरेजात काम करणारी दोन पोरं हसली. स्कॅनर आल्यापासून काटा कोण लावतंय, तो कुठं पडलाय तेही ठाऊक नाही, असं मेस्त्री म्हणाले.

"हुडका तुमी. मी बसते."

शेवटी त्यांनी फळीवरच्या डब्यातून काटा काढला. इंजिनाला प्रेशर ओळखणारा सेंसर असतो, तो काढून त्या जागी काटा बसवायचा. सेंसरला वायर जोडणारा कपलर त्यांनी ओढला आणि ते थांबले. आतून पाणी निथळलं. पिना हिरवट पडल्या होत्या.

"इंजिनवर पाणी कुणी मारलं?"

मी दिराकडे बघितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही विळे, कोयते, पंप, गाडी, सगळं धुऊन पुजतो. पूजेला इंजिन मळकं नको म्हणून दिरानं वॉशिंग सेंटरला बोनेट उघडून जोराचं पाणी मारून आणलं होतं. चकचकीत इंजिनाला हळदी-कुंकू मीच लावलं. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

काट्याला लांब नळी होती. मेस्त्रींनी तो माझ्या खिडकीसमोर धरला. मी किल्ली फिरवली. काटा सरकन वर चढला. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवा, असं ते म्हणाले. गरम ऑईल पातळ होतं आणि खरं दुखणं असलं तर काटा तेव्हा पडतो. वीसेक मिनिटं मी इंजिन चालू ठेवलं. काटा थोडा उतरला आणि तिथंच टिकला. ॲक्सिलेटर दाबला की परत चढायचा.

"इंजिन ठणठणीत हाय. कपलरात पाणी गेलं म्हणून सेंसर खोटं सांगत हुता," मेस्त्री म्हणाले. या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले.

त्यांनी पिना साफ केल्या, हवा मारून कपलर सुकवला, नवा सेंसर बसवला आणि कोड पुसला. दिवा परत लागला नाही.

दिरानं किल्लीसाठी हात पुढं केला. जाताना तो चालवणार होता.

"तुमी पलीकडनं बसा," मी म्हणाले.

तो बसला. घरी आल्यावर नवऱ्याला त्यानं सांगितलं, सेंसरच जुना झाला होता. मी भाकरीचं पीठ मळत होते. तिथूनच म्हणाले, "पाणी गेलतं त्यात. धुताना." जास्त बोलले नाही, पण तेवढं बोलले.

यंदा खंडेनवमीला इंजिन मीच ओल्या फडक्यानं पुसलं. दीर बाजूला उभा राहून बघत होता. किल्ली माझ्या कनवटीला होती.