नवसीचा पाट

नवापूरच्या नवसीनं आयुष्यात दोनच गोष्टी कुणाला उसन्या दिल्या नाहीत, एक तिची मोरळी आणि दुसरा बसायचा पाट. मोरळी म्हणजे मासे कापायची विळी. तिला धार कशी लावायची ते नवसीलाच ठाऊक. आणि पाट तिच्या आईनं लग्नात दिलेला, सागाचा, जड. त्यावर बसूनच ती बाजारात बोंबलाचे वाटे लावायची.

तरी एकदा दिला. एकसष्ट साल असेल. किनाऱ्यावर सिनेमावाले उतरले होते. नीलप्रभा नावाची नटी कोळीण झाली होती आणि तिला बसायला कोळणीचाच पाट हवा होता. नवसीचा नवरा दामू म्हणाला, "दे गो, एका दिसानं झिजत नाय." दिला. दिवसभर ती बाई पाटावर बसून खोटे मासे खोटंच विकत राहिली. नवसी लांब उभी राहून बघत होती, बोंबील उलटा धरलाय एवढंही कुणी तिला सांगत नव्हतं.

संध्याकाळी पाट परत आला तो खुद्द नटीच्या हातातून. "मावशी, याच्यावर माझी सही करून देते."

नवसी उसळली. नवापुरात वल्हं असो, टोपली असो, पाट असो, प्रत्येक वस्तूवर घराची खूण डागलेली असते. नवसीच्या घरची खूण तीन रेघा आणि एक गळ. खूण ज्याची, वस्तू त्याची, यावरून तर अख्ख्या गावाचे तंटे मिटतात. "माझ्या पाटावर तुझी खूण? कशापायी? एक दीस बसलीस नि पाट तुझा झाला?"

सिनेमावाले हसले. नटी मात्र हसली नाही. तिनं खूण काय ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "मग तुम्हीपण माझ्या वस्तूवर तुमची घाला. फिट्टंफाट."

हा न्याय नवसीला पटला. तिनं चुलीत सळई तापवली. शाईची सही पाण्यानं जाते, म्हणून नटीनंही सळईच धरली, नावाची वेलांटी काढताना बोट भाजून घेतलं आणि नवसीनं त्यावर खोबरेल चोळलं. मग नटीनं पायातली लाकडी टाचेची चप्पल काढून दिली. नवसीनं टाचेवर तीन रेघा आणि गळ डागून ती परत केली, पाटावरही नटीच्या सहीखाली आपली खूण पुन्हा ठसठशीत उमटवली. कोण बसलं होतं आणि पाट कुणाचा, दोन्ही कळायला हवं.

तेव्हा त्या सहीची किंमत शून्य. सासू म्हणायची, "चांगल्या पाटाला डाग लावून आली."

तीन वर्षांनी तो सिनेमा पालघरला तंबूत लागला आणि जो तो नवसीच्या दारात. तंबूवाला स्वतः आला, पाटाच्या बदल्यात ट्रान्झिस्टर देतो म्हणाला. नवसी म्हणाली, "गाणं ऐकत उभ्यानं मासे विकू काय?"

पुढं नीलप्रभाचे सिनेमे पडायला लागले. तिच्याबद्दल नाही नाही ते छापून आलं. आता बाजारातल्या बायका नाक मुरडायच्या. शेजारच्या टोपलीवरची पारू तर तोंडावरच बोलली, "रंधा मार गो, असल्या बाईचं नाव बुडाखाली कशाला?"

"माझ्या बुडाला तरास नाय, तुझ्या नाकाला कशापायी?" नवसी म्हणाली. त्या दिवसापासून नाव दिसेल असा पाट ती पुढं ओढून बसायला लागली.

अडुसष्टात नटी वारली. पावसाळा संपतो तोच चंद्रभान दारात हजर. पावरहाऊसच्या कामावर आलेला माणूस, वहीत मोठ्या लोकांच्या सह्या चिकटवायचा नाद. "मावशी, मेलेल्या माणसाच्या सह्या वाढत नाहीत, म्हणून भाव वाढतो. शिलाई मशीन देतो. फक्त खालची तुमची खूण रंधून टाकू. त्या खुणेनं सहीचं मोल उतरतं."

घरात चिमी होती, नवसीची लेक. वर्षभर पारूच्या सुनेच्या मशीनवर दुसऱ्याचे कपडे शिवून शिकलेली, स्वतःची मशीन म्हटलं की डोळे चमकायचे. तिनं आईकडं पाहिलं. नवसीनं ते पाहणं पाहिलं.

"नाय," ती म्हणाली.

चिमी दोन दिवस पारूच्या सुनेच्या मशीनवरच बसून होती, घरी फक्त जेवायला यायची. हे न जेवण्यापेक्षा वाईट.

आठवड्यानं चंद्रभान धापा टाकत परत आला, हातात मासिक. नटीच्या घरातल्या वस्तूंवर लेख होता. कपाटात एकच जुनी चप्पल जपून ठेवलेली, लाकडी टाचेवर तीन रेघा नि गळ. कुणाची खूण ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"मावशी, खूण राहू दे! अजिबात हात लावू नका! सही नि खूण दोन्ही एकत्र आहेत म्हणूनच किंमत. मशीन, वर लोखंडी टेबल."

नवसीनं बोंबलाचं डोकं उडवलं. "मागल्या हप्त्यात माझी खूण घाण, आज सोनं? अरे, भाव बदलतो तो माशाचा. सकाळी एक, दुपारी एक. हा पाट हाय."

"एकदा लेकीला तर विचारा."

चिमी उठली, चुलीत सळई लाल तापवली, पाट पालथा पडला होता तो सुलटा केला आणि दोघींच्या खुणांखाली आपली डागली, एक आडवी रेघ, टोकाला भोक. सुई.

चंद्रभाननं कपाळाला हात लावला. "गेली! सगळी किंमत गेली!"

"तुझी गेली," चिमी म्हणाली. "मशीन मी माझ्या शिवणावर घेईन."

नवसीनं पाटावर पाणी मारलं. जळक्या सागाचा वास घरभर सुटला. मग तिनं चंद्रभानला ओले बोंबील बांधून दिले, रिकाम्या हातानं दारातून कुणी जाऊ नये म्हणून, आणि टोपली डोक्यावर घेतली. बोईसरचा बाजार भरायची वेळ झाली होती. पाट चिमीनं उचलला.