बारावं काडतूस

किस्से साठवायला जागा लागत नाही हे एक बरं आहे, नाहीतर सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये ते ठेवले कुठे असते! आमच्या रविवारच्या बैठकीत इतके जमलेत, की हल्ली कुणी एक सुरू केला की दुसरा त्याचा शेवट सांगून टाकतो. आणि त्यातले निम्मे निघतात बंदुकीचे! ज्या देशात खिशात बेकायदा काडतूस सापडलं तर माणूस थेट तुरुंगात जातो, तिथे बसून आम्ही तावातावाने काय बोलतो? तर स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाबरोबर गोळ्या किती बाळगाव्यात!

मंडळी फार नाहीत. एक मी. पूर्वी जहाजावर चीफ इंजिनियर होतो, आता इथल्या ऑफिसात सुपरिंटेंडेंट. दुसरे कॅप्टन दिघे, ते अजून जहाजावर जातात आणि सुट्टीत इथेच असतात. तिसरा सुहास, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. याने दिवाळीत टिकल्यांची बंदूकसुद्धा एका हाताने कान झाकून उडवली असणार. बैठक आमच्या सेंगकांगच्या भाड्याच्या फ्लॅटवर, कारण माझी बायको मृणाल दुसऱ्यांदा चहा मागितला तरी कपाळाला आठ्या घालत नाही.

*

सुरुवात दिघ्यांपासून. सोमाली चाच्यांचा जोर होता ते दिवस. एडनच्या आखातातून जायचं म्हणजे जहाजावर सशस्त्र गार्ड घ्यावे लागत. त्यांचा म्होरक्या एक निवृत्त सुभेदार होता. पिळदार मिशा, मोजकं बोलणं.

दिघ्यांना हुरूप आला. एका संध्याकाळी त्यांनी ब्रिजवर सुभेदाराला गाठलं आणि विचारलं, “वेळ आलीच तर मलाही एक पिस्तूल द्या. बरोबर गोळ्या किती ठेवू? एक मॅगझिन? दोन?”

सुभेदार म्हणाला, “साब, आपके लिए एक गोली भी ज़्यादा है. आपके आगे तो मेरे ही लड़के खड़े होंगे!”

*

त्याच सफरीतला दुसरा. गार्ड मधूनमधून सराव करायचे आणि डेकवर झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पडायच्या. त्या मोजून परत घेतल्या जात, पण एक कुठेतरी घरंगळली आणि जहाजावरच्या फिटरला सापडली. माणूस भाविक! त्याने ती घासूनपुसून लखलखीत केली, लाकडी ठोकळ्यावर बसवली आणि मेसमधल्या गणपतीपुढे उदबत्तीचं घर म्हणून ठेवून दिली.

गार्ड आपल्या पेट्यांसकट वाटेतच उतरले. सिंगापूर आलं. बंदरात शिरण्याआधी ‘जहाजावर शस्त्रं नाहीत, दारूगोळा नाही’ असं कॅप्टनने लिहून द्यावं लागतं. दिघे सही करून मेसमध्ये आले, गणपतीला हात जोडले, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले!

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी अख्खं जहाज पालथं घातलं. आणखी काही निघालं नाही. पुंगळी त्यांनी स्वतःच्या हाताने इथल्या ऑफिसरकडे दिली, कबुली दिली, माफी मागितली, आणि दोन तास घाम पुसत बसले. शेवटी नुसती लेखी समज मिळाली.

त्या दिवसापासून त्या जहाजावर उदबत्ती बटाट्यात खोचतात. सिंगापूर सोडून महिना झाला तरी बटाटाच!

*

सुहासचा किस्सा त्याच्या ऑफिसमधल्या वेई मिंगचा आहे. इथल्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा असते आणि नंतरही अधूनमधून बोलावणं येतं. म्हणजे शेजारच्या टेबलावर बसून मुकाट कोड लिहिणारा हा मुलगा उत्तम नेमबाज! सुहासने आदराने विचारलं, “स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायचं झालं, तर तू गोळ्या किती ठेवशील?”

वेई मिंग म्हणाला, “For what? Call police, lah.”

मग त्याने खरं दुखणं सांगितलं. रेंजवर जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. एकदा एक कमी भरली. भर दुपारी अख्खी तुकडी गवतात गुडघ्यावर! तीन तासांनी ती त्याच्याच बुटात सापडली.

“मग काय केलंस?” सुहासने विचारलं.

“काय करणार? बुटातून गवतात टाकली आणि ओरडलो, मिळाली!”

*

आता माझे सासरे, नाना. या बैठकीचे पाहुणे कलाकार.

नाना कऱ्हाडकडचे. तिथल्या एका पतसंस्थेची रोकड एका शाखेतून दुसऱ्या शाखेत न्यायचं काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. त्यासाठी लायसन्सचं रिव्हॉल्व्हर. लायसन्सवर काडतुसं बारा, पण नाना सहाच्या वर एक नेत नसत. “पहिली हवेत, दुसरी पायात, बाकीच्या चार घरी परत आणायला!” हे त्यांचं गणित. प्रत्यक्षात सहाच्या सहा दररोज घरी परत आल्या.

त्यांच्या घरची एक पद्धत होती. सकाळी निघताना सासूबाई दारात एकेक वस्तू त्यांच्या हातात देणार: रुमाल, घड्याळ, चष्मा आणि शेवटी बटण लावलेल्या चामडी कव्हरमध्ये रिव्हॉल्व्हर. संध्याकाळी त्याच क्रमाने परत घेऊन कपाटात ठेवणार. रात्री जेवण झालं की नाना ते काढून उघडणार, सहा मोजणार आणि निवांत झोपणार. सकाळी मात्र तपासणार नाहीत. “बायकोने हातात दिलेली वस्तू तपासायची नसते,” म्हणायचे. रिटायर झाल्यावर बाजाराला जातानासुद्धा हाच थाट.

तर असे नाना सासूबाईंना घेऊन आमच्याकडे महिनाभर येणार म्हटल्यावर मला धडकी भरली. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज नुकताच गेला होता. आणि अर्जाचं जाऊ द्या, या वयात नाना चुकूनमाकून आत गेले असते तर मृणालला मी काय तोंड दाखवलं असतं? मी रोज फोन करायचो. “नाना, रिव्हॉल्व्हर जमा केलंत का? सफारीचे खिसे बघितलेत का? बॅगेचे कप्पे?”

“जावईबापू,” ते म्हणायचे, “विजू जमा करून आलाय. पावती माझ्या पाकिटात आहे.” विजू म्हणजे त्यांचा पुतण्या, शेजारीच राहतो.

मी इतकं डोकं खाल्लं, की मुंबईच्या विमानतळावर नाना तपासणीच्या रांगेत शिरले आणि कुणी काही विचारायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाले, “माझ्याकडे काडतुसं नाहीत!”

विमान जेमतेम मिळालं.

*

इथे आल्यावर नाना पहिल्यांदा खूश झाले ते आमच्या स्टोअररूमवर. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते. बॉम्ब शेल्टर! त्यात आम्ही कांदे, तांदूळ आणि सूटकेसेस ठेवतो. नानांनी दार उघडून, मिटून, वाजवून बघितलं.

“म्हणजे घरात बॉम्बची सोय आहे आणि साधं एक रिव्हॉल्व्हर ठेवता येत नाही?”

दुसऱ्या दिवशी एमआरटी स्टेशनशेजारच्या मॉलमध्ये रोकड न्यायची गाडी आली. कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला गार्ड बघून नाना थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, “सिक्स? ऑर ट्वेल्व?” मी दंडाला धरून ओढतोय, गार्डचा चेहरा दगडी, नाना उत्तराची वाट बघतायत!

गार्ड शेवटपर्यंत बोलला नाही. नाना लिफ्टमध्ये म्हणाले, “पोरगा तयार आहे. किती आहेत ते सांगायचं नसतंच.”

*

आणि आता तो रविवार. नाना परत जायला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ, दिघे आलेले, सुहास आलेला. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. विषय अर्थातच तोच.

दिघे म्हणत होते, “नाना, सहा कमीच. लायसन्सवर बारा आहेत ना? मग आणखी सहा खिशात हवीत.”

“ज्याला सहा पुरत नाहीत,” नाना म्हणाले, “त्याने पळावं!” आणि बारा तर बारा, हे बघा, म्हणून त्यांनी पाकिटातून जमा केल्याची पावती काढली आणि मोठ्याने वाचली. “रिव्हॉल्व्हर, नग एक. काडतुसं, नग...”

थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

“अकरा.”

मी पावती हिसकावून घेतली. अकराच! आकड्यात अकरा आणि अक्षरातही अकरा. नानांनी पावती न वाचताच पाकिटात ठेवली होती, आणि विजूने मोजायची तसदी घेतली नव्हती.

मग बारावं कुठे? मुंबईला स्कॅन झालं होतं म्हणा. पण स्कॅनरच्या भरवशावर चार दिवसांनी चांगी विमानतळाच्या तपासणीत नानांना उभं करायचं? आणि ते या घरात असलं तर? मृणालने हातातला चहाचा ट्रे कसाबसा टेबलावर ठेवला.

सुहास उठला. “मी खाली जाऊन जरा दूध घेऊन येतो.”

“बस खाली!” दिघे गरजले. ते आता आमच्या हॉलमध्ये नव्हते, ब्रिजवर होते. “एकेक खोली घ्यायची. सापडलं तर हात लावायचा नाही. आपणहून पोलिसांना फोन करायचा. काय?”

शेल्टरमधून सूटकेसेस बाहेर आल्या. अस्तरं चाचपली. सफारीचे आठ खिसे उलटे झाले. त्यातून सुपारी, बसचं तिकीट आणि खडीसाखर निघाली. सुहास नानांच्या बुटात हात घालून बसला होता, वेई मिंगची कृपा. मेतकुटाची पिशवी मृणालने पेपरवर रिकामी करून चाळणीने चाळली. आमची आठ वर्षांची सई सोफ्याखालून ओरडली, “Ajoba, here also don’t have!”

नाना मधोमध खुर्चीत बसले होते. एवढा कडक माणूस, पण हातांनी पाकिटाचे तेच तेच कप्पे चाचपत होते. “सत्तावीस वर्षांत एक चुकलं नाही,” एवढंच पुनःपुन्हा म्हणत होते. माझं पीआर-बीआर सगळं त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. मला फक्त ते हात दिसत होते.

“शोधू नका,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“ते इथे नाहीये. माझ्या बटणांच्या डब्यात असेल.”

सगळ्यांच्या माना एकदम त्यांच्या बॅगेकडे वळल्या!

“अरे, डबा तिकडे कऱ्हाडला आहे. मी येताना नुसता सुईदोरा आणलाय.”

दिघ्यांनी स्वतः विजूला फोन लावून दिला. विजू नानांच्या घरात गेला, कपाट उघडलं, डबा काढला. फोनमधून बटणं ओतल्याचा आवाज आला. सासूबाई सोडून आम्ही सहाजण त्या एका फोनवर वाकलेलो.

“आहे काका! हुकांच्या पुडीखाली होतं!”

काय सांगू तुम्हाला! मृणाल रडायलाच लागली. दिघे जमिनीवर फतकल मारून बसले आणि “हरी, हरी” म्हणाले. सुहास बूट छातीशी धरून हसत सुटला. विजू तसाच उठून पोलीस स्टेशनला गेला आणि तासाभरात दुरुस्त पावतीचा फोटो आला. बारा! मृणालने त्या आनंदात शिरा केला आणि मी तीनदा घेतला. इतकं हलकं मला पुढे पीआर मिळालं तेव्हाही वाटलं नाही.

नाना शिरा खात नव्हते.

“बटणांच्या डब्यात काडतूस काय करत होतं?”

“तिथेच ठेवायचे मी. सकाळी तुम्ही निघायच्या आधी काढून. संध्याकाळी कपाटात ठेवताना परत भरायचे. इकडे यायच्या गडबडीत एक राहिलं असेल.”

“काढून म्हणजे?”

“सगळी. सहाच्या सहा.”

नानांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

“कधीपासून?”

“मृणाल झाली तेव्हापासून.” सासूबाईंनी पुन्हा मेथी हातात घेतली. “तुमचा राग मला माहितीये. चोर आला असता तर तुम्ही अडून बसला असतात. हवेतली पहिली उडालीच नसती, तर मुकाट पिशवी देऊन घरी आला असतात. पैसे पतसंस्थेचे होते हो.”

दिघ्यांनी घाईघाईने पावसाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नेहमीसारखे फिरायला निघाले. बाहेर आभाळ भरलेलं. सासूबाईंनी दारात उभं राहून एकेक वस्तू हातात दिली. रुमाल. घड्याळ. चष्मा. छत्री.

नानांनी छत्रीकडे बघितलं. मग तिथेच, हॉलमध्ये, ती उघडली. खाली वाकून आतल्या काड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

“आठ,” म्हणाले. छत्री मिटली आणि चपला घातल्या.