सूनबाईची झाडं आणि माझं शुद्धलेखन

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसालच तुम्ही! निदान चहाचा घोट आधी गिळून घ्या. मी असं काही शेण खाल्लंय की बत्तीस वर्षांच्या मराठीच्या मास्तरकीवर पाणी फिरलं. पाणी कसलं? पाणी असतं तर बरंच झालं असतं!

तर आमची सून, तन्वी. पुण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. पोरगी गुणाची, पण शुद्धलेखन? शिव शिव! 'आणि'ला दुसरी वेलांटी, 'पाणी'ला पहिली. तिचे मेसेज मी मनातल्या मनात लाल शाई घेऊनच वाचतो.

या तन्वीने आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात काचेची टाकी मांडली. तळाशी चार बोटं रेती, वर पाणी, बुडबुडे सोडणारा पंप. मासा एकही नाही! महिनाभर सगळे त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसायचो.

"अगं, मासे कधी?" मी विचारायचो.

"आधी खरी झाडं रुजू देत, बाबा. मग मासे." झाडं कुरियरने बंगळुरूहून यायची होती. ती रोज घरात पाऊल टाकलं की आधी तेच विचारायची, आलं का पार्सल?

आता माझी बाजू ऐका. रिटायर झाल्यापासून या घरात मला कोणी काम सांगत नाही. "बाबा, तुम्ही बसा." बसून बसून सोफ्याला खड्डा पडला! त्यामुळे त्या दिवशी ऑफिसला निघताना तन्वी म्हणाली, "पार्सल आज नक्की येतंय. काय करायचं ते मेसेज करते. तुमच्यावर सोडते हं, बाबा," तेव्हा खरं सांगतो, मला भरून आलं.

बारा वाजता पार्सल आलं. मी तसं कळवलं. लगेच उत्तर आलं, "बाबा, झाडं लगेच धुवून वाळूत घाला. तशीच ठेवली तर कुजतील."

वाळूत? झाली, लाल शाई बाहेर! 'ळ'ला दुसरा उकार कुठून आणला या पोरीने? अहो, धुवून काय करतात? वाळत घालतात! एवढं साधं मराठी येऊ नये?

झाडं म्हणजे रिबिनीसारखी लांब हिरवी पाती आणि खाली पांढरी मुळं. दोन पाण्यांतून काढली आणि गॅलरीतल्या दोरीवर एकेक चिमटा लावून टांगली. एप्रिलचं ऊन! त्यात उंचीप्रमाणे टांगली हो, प्रार्थनेला मुलं उभी करतात तशी.

तेवढ्यात उरणहून मासळी घेऊन येणारी हिराबाय दारात. दारातूनच तिला गॅलरी दिसली.

"मास्तर, ह्ये काय सुकत घातलंय?"

"झाडं आहेत. त्या टाकीतली."

"पान्यातली? मंग उन्हात कशाला? आमी बोंबील सुकवतो, पन तो मेलेला असतो!"

आता हिला काय शास्त्र समजावणार? तरी समजावलं. म्हटलं, "बाई, ही प्रवासात भिजून आलेली झाडं. आधी वाळवावी लागतात, नाहीतर कुजतात. सुनेने लिहून पाठवलंय."

हिराबायने एकदा दोरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तुमी शिकलेली मानसं, आमाला काय कलतंय," म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली.

अडीच तासांत पाती कडकडीत! एक हातात घेतलं तर त्याचा चुराच झाला. काम फत्ते! फोटो काढला, तन्वीला पाठवला आणि खाली लिहिलं, "छान वाळली. ता. क. 'वाळूत' नव्हे, 'वाळत'. शुद्धलेखनाकडे लक्ष दे."

दोन सेकंदांत फोन.

"बाबा! दोरीवर काय आहे ते?"

"तुझी झाडं. का, अजून वाळवायला हवीत?"

"बाबा, वाळूत! वाळू! टाकीतल्या वाळूत खोचायची होती!"

"टाकीत तर रेती आहे."

"तीच वाळू, बाबा!"

अरे देवा! आमच्याकडे जन्मभर रेतीच म्हणतात हो. पण म्हणून मला वाळू माहीत नाही? शेकडो पोरांकडून लिहून घेतलाय तो शब्द! तरी मास्तर गप्प बसतो होय? म्हटलं, "मग 'लावा' म्हणायचं होतंस. 'घाला' हे क्रियापद इथे..."

फोन कट.

संध्याकाळी ती येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाती टाकीत टाकून बघितली, पण नुसता पाला तरंगायला लागला. महिनाभर वाट बघितली पोरीने, आणि मी एका दुपारीत त्याची माती केली. फार वाईट वाटलं. ती आली तेव्हा "चुकलो गं," एवढंच म्हणालो.

तन्वी टाकीकडे बघत राहिली, मग गॅलरीतल्या चिमट्यांकडे. आणि अशी हसत सुटली की पर्ससकट जमिनीवर बसली. तीन झाडांची मुळं अजून पांढरी, जिवंत दिसत होती, ती तिने वाळूत खोचली. त्यातलं एक जगलं.

परवा दुसरं पार्सल आलं. ते मीच उघडायचं, असं तन्वीनेच ठरवलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! मेसेजही आला, पण अख्खा इंग्रजीत. मी फोन केला, "अगं, मराठीच्या मास्तराला इंग्रजीत लिहितेस?"

"मराठीतच लिहिणार होते, बाबा," ती म्हणाली, "पण म्हटलं, तुम्हाला समजायला हवं ना!"