नानांचं सरकारी काम

चोपडा तालुक्यातल्या माझ्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी बहात्तरच्या दुष्काळावरची एक गोष्ट शिकवायला घेतली, तेव्हा मुलांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती. गोष्ट मीच लिहिली होती, त्यामुळे अपेक्षा जरा जास्तच होती.

गोष्टीतली मुलगी शाळा सोडून वडिलांबरोबर रस्त्याच्या कामावर जाते, दिवसभर खडी फोडते आणि दुपारी तिला सुकडी मिळते. ‘शाळा सोडून’ इथवर आले तेव्हा मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. सुकडी मुलांनी अंगणवाडीत खाल्लेली होती, ती गोड असते हे त्यांना पक्कं ठाऊक. शाळा नाही, दिवसभर उघड्यावर, वर सुकडी. पंधरा मिनिटांत वर्गाचं एकमत झालं की दुष्काळ चांगला होता. एकीने तो परत कधी येणार, असंही विचारलं.

मी वैतागले. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, त्या वेळी काय हाल होते ते, असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी आधी मलाच विचारलं, “मॅडम, तुमच्या घरी?”

“माझ्या आईचे वडील, नाना, सरकारी कामावर होते. त्यामुळे आम्हाला झळ लागली नाही.”

हे वाक्य मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आले होते. ते सांगताना ती ताठ बसायची. माझ्या लग्नाच्या बायोडाटात नानांच्या नावापुढे ‘शासकीय सेवा’ असं छापलं होतं. सासरच्यांनी ते दोनदा वाचलं, असं आई अजून सांगते.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, मन्ही आजी बी सरकारी कामवर व्हती. नालाकडना रस्तानी खडी तिनीच फोडेल शे.”

मग दुसरीची आजी, तिसऱ्याचे आबा. निम्म्या वर्गाच्या आज्या शासकीय सेवेत निघाल्या. मी “छान” म्हटलं आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी धुळ्याची एसटी पकडली. आई गच्चीवर वाळलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, कापडावरून सोडवत बसली होती. मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

“नाना कोणत्या खात्यात होते गं?”

“सरकारी कामवर व्हतात.”

“म्हणजे खडी फोडायला?”

तिच्या हातातली बिबडी तुटली. तिने दोन्ही तुकडे नीट डब्यात ठेवले.

“खोटं काय शे त्यामा? काम सरकारनंच व्हतं,” ती म्हणाली. आणि पुढची बिबडी सोडवत, “तुन्हा सासरले सांगू नको, माय.”

एवढं बोलून ती थांबेल असं मला वाटलं, पण ती थांबली नाही. तीही जायची. नुकतीच चौथीत बसली होती, शाळा सुटली ती कायमचीच. लहान पोरांना कामावर घेत नसत, म्हणून तिने फोडलेली खडी नानांच्या ढिगात जायची. सकाळी कारकून एकेकाचं नाव पुकारायचा आणि ही नानांच्या शेजारी उभी राहून ऐकायची.

“बठ्ठासना नाव पुकारेत. मन्हं नही. मन्हं नाव कोठेच नही,” असं म्हणून ती हसली.

मला हसू आलं नाही. चोरी पकडायला यावं तशी मी शंभर किलोमीटर आले होते. माझीच मला लाज वाटली. मी तिला वर्गातल्या गोष्टीबद्दल सांगितलं, आणि ती यापुढे शिकवणार नाही, कुणाला काही कळणार नाही, असंही सांगितलं. आईने कापडाची घडी घातली, मोडली, परत घातली.

“गोष्टमा ती पोर कोन शे?”

“कुणी नाही. नाव मी मनानेच ठेवलंय.”

“मंग मन्हं ठेव.”

सोमवारी मी जुनं नाव खोडून आईचं नाव घातलं आणि गोष्ट पहिल्यापासून वाचली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. ती परत शाळेत आली का, असं एकाने विचारलं. मी नाही म्हणाले. मग हजेरी घ्यायला घेतली. पट संपल्यावर, पटावर नसलेलं आईचं नाव मी मोठ्याने पुकारलं.

वर्गाने सवयीने सांगितलं, “गैरहजर, मॅडम.”