ट्रकच्या जागी पोदेर

गेल्या गुरुवारी दिचोलीला गेलो आणि भर वर्गात माझाच शहाणपणा मला नडला.

मी पेडण्याला अकरावीला कॉम्प्युटर शिकवतो. दिचोलीच्या शैला टीचर तोच विषय शिकवतात… येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. दोघांच्या नोट्स एकच असाव्यात म्हणून मी सगळं गिटवर टाकलं, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, आपली वेगळी प्रत, म्हणजे ब्रांच, काढून तिच्यात बदल करायचे, का केले ते खाली एका ओळीत लिहायचं, आणि शेवटी ते मुळात मिसळणार मी. थोडक्यात, मुकादम मी.

टीचरांना एक ओळ कधी पुरलीच नाही. पत्र लिहावं तसं त्या सविस्तर लिहायच्या. मी हसायचो… आणि खरं सांगतो, वाचायचो नाही.

लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याच्या धड्यात माझं एक लाडकं उदाहरण होतं. खनिजाचा ट्रक दिवसाला चार खेपा मारतो, तर महिन्याच्या खेपा मोजणारा प्रोग्राम लिहा. खाणपट्ट्यातल्या दिचोलीच्या मुलांना जवळचं वाटावं म्हणून मुद्दाम घातलेलं! टीचरांनी ते आपल्या ब्रांचमधून काढलं आणि तिथे पोदेर आणला… सकाळी सायकलवरून पाव घेऊन निघणारा, वाड्यावरची घरं संपेपर्यंत फिरणारा.

माझं डोकंच फिरलं. उजळणीसाठी नोट्स एकत्र करताना कॉम्प्युटरने विचारलं, दोन्हीतलं कुठलं ठेवू? मी माझं ठेवलं आणि तीच प्रत छापायला दिली.

गुरुवारी टीचरांनी मला त्यांच्या वर्गावर बोलावलं होतं. मी हौसेने फळ्यावर ट्रक काढला, खेपा किती म्हणून विचारलं. चार-पाच जण वळून एका मुलीकडे बघायला लागले. तिने पेन खाली ठेवलं आणि वही मिटली.

टीचर मागच्या बाकावरून उठल्या, फळा पुसला आणि पोदेराची सायकल काढली.

मग स्टाफरूममध्ये चहाला बसलो. टीचर, मला आधी सांगायचं होतं ना, असं म्हणून मी वर त्यांनाच विचारलं.

"सांगितलेलं मरे," त्या शांतपणे म्हणाल्या. "बदलाच्या खालीच लिहिलं होतं."

तिथेच मोबाईल काढून वाचलं. 'एका मुलीच्या बापाचा ट्रक खाण बंद पडल्यापासून दारात उभा आहे. खेपा म्हटलं की पोरं तिच्याकडे बघतात. चाचणीत तिने तो एकच प्रश्न कोरा सोडला. तिला लूप चांगला येतो. म्हणून पोदेर घातला.'

लाज वाटली… आणि लाजेपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

घरी येऊन नोट्समधून ट्रक काढून टाकला, पोदेर परत आणला. खाली लिहिलं, 'शैला टीचरांचं बरोबर होतं. मी वाचलं नव्हतं.' दोनच वाक्यं, पण लिहायला बराच वेळ लागला.

आता त्यांची सगळी ब्रांच पहिल्यापासून वाचतोय. माझी आणखी दोन उदाहरणं त्यांनी काढली होती आणि मीच ती परत घातली होती. दोन्हींच्या खाली कारण लिहिलंय… आणि दोन्ही कारणांत एकेक मूल आहे.

टीचर, मे महिन्याच्या आत सगळं वाचून काढतो.