बिल नसलेला मावा

"नमुन्याचे चार भाग होतील," मी म्हणाले. "चारही बरण्यांच्या चिठ्ठीवर तुमची सही लागेल, काकू."

"करते नं. तू आधी चहा तर घे."

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या त्या स्वयंपाकघरात ओट्यावर मोदकांची ताटं मांडलेली होती. गणपती तोंडावर आले होते आणि ऑर्डरी जोरात होत्या. मी फूड सेफ्टी ऑफिसर, लोकांच्या भाषेत अजूनही फूड इन्स्पेक्टर. ज्या घरात आईचं बोट धरून हळदीकुंकवाला गेले, त्याच घरात लाख आणि सील घेऊन उभी होते. चहा घेता येत नव्हता, नकोही म्हणवत नव्हतं. मी नुसती येरझारा घालत होते.

शोभाकाकूंच्या यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर चालत होतं ते या मोदकांवर आणि दिवाळीच्या करंज्यांवर. रजिस्ट्रेशन होतं, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं. तक्रार थाटीपुर भागातल्या एका गिऱ्हाइकाची होती: मोदक खाल्ल्यावर टाळूला वनस्पती तुपाचा थर बसतो. मी साहेबांना म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाला पाठवा, ओळखीचं घर आहे.

"मैडम, ग्वालियर में आपकी जान-पहचान कहाँ नहीं है?" साहेब म्हणाले होते. "सीज़न है, आदमी कम हैं. जाइए."

मी मोदकांचा नमुना घेतला आणि फ्रिजमधल्या माव्याचा, म्हणजे खव्याचाही. काकूंना राग आला नव्हता, उलट त्या मलाच धीर देत होत्या. आयोडीनची बाटली काढून त्यांनी माव्यावर थेंब टाकला. "बघ, निळा नाही झाला. मी दर वेळी बघते."

आयोडीनने फक्त पीठ पकडता येतं. माव्यात मैदा किंवा स्टार्च मिसळला असेल तर तो निळा पडतो. पण दुधातलं लोणी आधीच काढून घेतलं आणि त्या जागी स्वस्त तेल घातलं, तर आयोडीन बिचारं काय करणार? ते लॅबमध्येच कळतं. हे मी सांगितलं तसा काकूंचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"मावा कोणाकडून घेता?"

"महेश भैयाकडून. थाटीपुरला दुकान आहे त्याचं."

"बिल दाखवा."

काकू हसल्या. "अगं, राखी बांधते मी त्याला. काका गेले तेव्हा सगळ्यात आधी तो धावून आला होता. भावाकडे बिल मागतात का कुणी?"

मी कपाळावर हात मारायची तेवढी राहिले. कायदा असा आहे: विकलेल्या पदार्थात खोट निघाली तर आधी विकणाऱ्याला धरतात. माल कोणाकडून घेतला हे बिलासकट दाखवलं, तर जबाबदारी मागे, देणाऱ्याकडे सरकते. बिल नसेल तर ती जागची हलत नाही. दंडाची काकूंना फारशी धास्ती नव्हती. पण दंड झालेल्यांची नावं इथल्या पेपरात छापून येतात. नाव आलं की मोदक घेणार कोण?

मी तशीच थाटीपुरला गेले. बाजारात खबर आमच्या गाडीच्या आधी पोचते. महेश भैयाच्या दुकानात माव्याची परात घासूनपुसून उलटी ठेवली होती.

"आज माल ख़त्म हो गया, मैडम."

"शोभाजींना मावा तुम्हीच देता ना?" मी हिंदीत विचारलं.

"जीजी? वो तो घर के लिए ले जाती हैं थोड़ा-बहुत. धंधा करती हैं, ये हमें क्या पता?"

हे मी काकूंना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. "घाबरून बोलला असेल तो," त्या म्हणाल्या.

मग रिपोर्ट आला. मोदक आणि मावा दोन्ही सबस्टँडर्ड. म्हणजे खाऊन कोणी मरणार नाही, पण नावाप्रमाणे वस्तू नाही. दुधाच्या फॅटमध्ये बाहेरचं फॅट. एडीएम साहेबांपुढे, म्हणजे अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढे, सुनावणी लागणार हे ठरलं. मला झोप लागेना. चूक कोणाची हे मला स्वच्छ दिसत होतं आणि कागद दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवत होता.

एकच वाट दिसत होती. महेश भैया काकूंचा मावा कधी नोकराकडून पाठवत नसे. बहिणीचा म्हणून स्वतः स्कूटरवर घेऊन यायचा. तो फाटकात आला की त्याच्याच हातातला नमुना घ्यायचा, म्हणजे तो त्याचाच ठरेल. जुनी केस सुटली नसती, पण एडीएम साहेबांपुढे काकूंच्या म्हणण्याला वजन आलं असतं. मी काकूंना सगळं समजावलं, गिऱ्हाइकाने स्वतः माल तपासून घ्यायचा तर काय नियम आहे तोसुद्धा. "फक्त नेहमीसारखी ऑर्डर द्या. बाकी एक शब्द बोलू नका."

काकूंनी माझ्यासमोर फोन लावला.

"भैया, मावा दे जाना कल. और सुनो, वृंदा आई है, वो फूडवाली. मावे की जाँच होगी."

मी जागची उठलेच. "काकू! हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस नं, गिऱ्हाइकाला माल तपासून घ्यायचा असेल तर दुकानदाराला आधी सांगावं लागतं म्हणून."

"ते तुम्ही स्वतः लॅबला दिलात तर! मी घेतला तर नाही!"

"असू दे. कपटाने नाही जमणार मला. भाऊ आहे तो. सांगूनसुद्धा खराब आणला, तर मी समजेन त्यालाच कुणी फसवलं."

मला त्यांचा इतका राग आला की मी पायात चपला सरकवून तडक निघाले.

दुसऱ्या दिवशी महेश भैया आला, वेळेवर, हसतमुख. डबा माझ्यापुढे धरला. "भरिए मैडम, जितना चाहिए. जीजी को ख़राब माल देंगे हम?"

मी बरण्या भरत होते. काकूंनी डब्यातला चिमूटभर मावा उचलला आणि बोटांनी चोळला. दाणेदार, मऊ, दुधाचा वास सुटलेला. मग जिभेवर ठेवला. पंचवीस वर्षं मोदक वळणाऱ्या बाईला लॅब लागत नव्हती.

"भैया," त्या म्हणाल्या, "ये वाला भी था तुम्हारे पास?"

महेश भैया खाली बघून डब्याचं झाकण लावत राहिला. ते काही केल्या लागेना.

तो नमुना लॅबमध्ये अर्थातच पास झाला. सुनावणीत त्याला काही झालं नाही. दंड काकूंना बसला, नाव पेपरात आलं, त्या दिवाळीला करंज्यांची ऑर्डर जवळजवळ नव्हती. मी तपास चोख केला होता. त्याचा काकूंना कवडीचा उपयोग झाला नाही, आणि हे मला आजही बोचतं.

आता घरून फराळ विकणाऱ्या बायकांकडे गेले की पहिल्यांदा बिलं मागते. बहुतेक जणी म्हणतात, "मॅडम, तो आमच्या घरचाच माणूस आहे हो."

"मग तर बिल घ्याच," मी म्हणते.