काडी आरपार गेली नव्हती

आमच्या गावात, डोंगरकड्याच्या अलीकडे, हळद शिजली का हे घड्याळ सांगत नाही, खराट्याची काडी सांगते. हळद वाफवायच्या फिरत्या कुकरच्या ड्रममधून हळकुंड काढायचं, काडी टोचायची. आरपार गेली की शिजली, अडली की अजून वाफ द्यायची. भाऊ कुकर घेऊन शेतोशेत फिरायचा आणि काडी माझ्या हातात. लोक म्हणायचे, पोरगी म्हणेल तवाच ड्रम उघडा. मला त्याचा भलताच तोरा होता. का नसावा? सोयरीक मोडलेल्या पोरीकडे मिरवायला दुसरं होतंच काय?

सोयरीक शेजारच्या काकानं मोडली, हे मी पक्कं धरून चालले होते. साखरा गावाहून पाहुणे मला बघायला आले, मला पसंत केलं. जाताना शेजारीपाजारी चौकशी करायची ही आपली रीतच. त्यांनी काकाच्या ओसरीवर बसून चहा घेतला. आठ दिवसांत निरोप आला, पोरीला फिट येते म्हणे. सोळाव्या वर्षी भर उन्हात निंदताना एकदा चक्कर येऊन पडले होते, तेवढंच ते. वडील विचारायला गेले तर काका नुसता खाली बघत राहिला. चार दिवस पारावर फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला, पान खाल्लं आणि सगळ्यांसोबत खदाखदा हसला.

तेव्हाच मला कळलं की शरम ही लोकांच्या डोळ्यांवर जगते. लोक विसरले की तीपण उठून जाते. मला त्याची शरम नकोच होती. त्याला घास गिळवू नये, स्वतःच्या घरात बसवू नये, असं काहीतरी त्याच्या आत शिरावं, हे हवं होतं. तोंडावर मी काका म्हणायचे, मनात अरे-तुरे. वर्षभर डूख धरून बसले.

पुढच्या मार्चात त्याच्या शेतात कुकर लागला. काकू, त्याची बायको, ड्रमाशेजारी हळद भरत होती. मी हळकुंड काढलं, काडी टोचली. अर्ध्यात अडली. काडी ओढून टाकून दिली आणि भावाला म्हणाले, झाली, काढ. चारी ड्रम तसेच काढायला लावले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली.

हळद पंधरा दिवस वाळत पडली. मग भीती आली. भीती म्हणजे काही पाप टोचणं नव्हे. कोणाला कळलं तर आपलं काय होईल, एवढंच ती विचारते. हळद पॉलिश करायचं मशीन त्याच्या अंगणात आलं, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. त्याचं तोंड उतरलेलं मला जवळून बघायचं होतं.

पॉलिशच्या मशीनचा पहिलाच ड्रम ओतला. अर्धी हळकुंडं फुटलेली, रंग मेलेला, आत चकाकी नाही. काकानं एक तुकडा मोडला, बघितला आणि सगळ्यांदेखत काकूवर उसळला. ओली हळद झाकून ठिवली आसशील, वर्षाची मेहनत घालवली, तुझ्या हाताला बरकतच न्हाई, असं काय काय बोलला. माझ्यावर शंका घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या काडीवर गावाचा भरवसा होता ना!

मला पस्तावा झाला, पण तोही नेम चुकल्याचाच. दगड मारला होता काकाला, लागला काकूला. ती निमूट घरामागं रांजणाकडं गेली. मी पाठोपाठ गेले आणि हळूच म्हणाले की हळद मी कच्ची काढली.

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाली. "काडी अडलेली म्या बघितली व्हती."

मग गप्प काहून राहिलीस, असं मी विचारलं.

"पाहुण्यांच्या बायकांपाशी तुझ्या चकरंचं म्याच बोलले व्हते. निघून गेलं तोंडातून. त्यांनी त्याची फिट केली. तवापासून अन्न गोड लागंना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर जे काकाच्या आत शिरावं म्हणून तडफडले, ते या बाईच्या आत बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. म्हटलं, बरं झालं, खा बोलणी! जिनं केलं तिनंच भरलं. मी वळले, घरी जायला निघाले.

अंगणात काका खाली बसून एकेक हळकुंड उचलत होता. धड निघेल या आशेनं मोडायचा आणि बाजूला ठेवायचा. तिथंच माझे पाय थांबले. या माणसानं माझं काही वाईट केलं नव्हतं. आपल्या ओसरीवरून गोष्ट गेली म्हणून खाली बघितलं, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची हळद मात्र मी घालवली होती, जाणूनबुजून, भरवशाच्या काडीनं. हे कोणालाच कळणार नव्हतं, काकू मरेपर्यंत बोलली नसती. भीती गेली होती, शरमेला कारण नव्हतं. तरी छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं. अपराध म्हणतात तो हाच, हे मला तेव्हा कळलं.

"काका, हळद मी कच्ची काढली. काडी आरपार गेली नव्हती."

मशीन बंद झालं. काकांनी हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "काहून पोरी?"

मी मान वळवून दारात उभ्या काकूकडं बघितलं, सगळ्यांना दिसेल असं. तो सूडच होता, त्याला दुसरं नाव देणार नाही.

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तिला नगा इचारू," ती म्हणाली. "मला इचारा."

काकूला मी अजून माफ केलेलं नाही. काडी त्या दिवसापासून भावाच्या हातात आहे. काकांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी हळद दुसऱ्याच्या कुकरवर न्यायची ठरवली. ट्रॅक्टरला वरचा रस्ता जवळचा होता, तरी ट्रॉली मुद्दाम आमच्या दारावरून नेली. मी उंबऱ्यात उभी होते. शेवटचं पोतं दिसेनासं होईपर्यंत आत गेले नाही.